कोऱ्या फिल्मवरच्या रेघा

मिलेनाबाई,

तुमच्या भाचीने माझ्यावर एक काम सोपवलंय. तुमच्या गावातल्या शाळेच्या सभागृहात तुमच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार आहे आणि तिथे भिंतीवर लावायला तुमच्याबद्दल एक पान हवंय. तुमची कुवेतमधली वर्षं तिला फारशी ठाऊक नाहीत, तेव्हा ते मी लिहावं असं तिचं म्हणणं. मी बसले लिहायला. इंग्रजीत लिहिलं की मिलेना या चित्रकार आणि मुद्राचित्रकार होत्या, पत्र्यावर चित्र कोरून त्याचे ठसे काढायच्या, त्यांचा जन्म स्लोव्हेनियात झाला. पुढे काही सुचेना. तुमचं वयसुद्धा मला हॉस्पिटलच्या फॉर्मवरून माहीत, आणि पेशंटच्या फॉर्मवरचं बाहेर सांगायचं नसतं. शेवटी तो कागद बाजूला सारला आणि हे मराठीत लिहायला घेतलं. तुम्हाला मराठी येत नव्हती, मान्य आहे. पण माझ्या मोडक्या इंग्रजीत मी तुमच्याशी जे बोलायचे ते निम्मंच असायचं. उरलेलं निम्मं माझ्याकडेच राहिलंय, ते कुठेतरी ठेवायला हवं.

आपली पहिली भेट तुम्ही सगळ्यांना चुकीची सांगायचात. म्हणायचात, हिने मला बघितल्या बघितल्या निरोप दिला. खरं झालं ते असं. एक्स-रे विभागातली माझी ड्युटी संपायला अर्धा तास उरला होता. सकाळपासून अरबी, हिंदी आणि इंग्रजीची खिचडी बोलून जीभ जड झाली होती. कॅज्युअल्टीतून व्हीलचेअरवर एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. उजवं मनगट सुजून टम्म झालेलं आणि डाव्या हातात वही घट्ट धरलेली. सलवा भागात तुमच्या घरामागच्या गल्लीत एक मांजर पिलांना पाजत होतं, ते वरून कसं दिसतं हे बघायला तुम्ही दुधाच्या प्लास्टिक क्रेटवर चढलात आणि क्रेट सरकला. हे तुम्ही हात टेबलावर ठेवता ठेवता सांगितलंत, आणि मांजर कसं वळलं ते त्याच मोडक्या हाताने दाखवायलाही लागलात. माझ्या तोंडून मराठीच निघालं, ‘बाई, हलू नका.’

तुम्ही थबकलात. ‘बाय? अजून फोटो काढला नाहीस आणि बाय?’

मग मला समजावून सांगावं लागलं की आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतात, वयाने मोठ्या बाईलाही म्हणतात, आणि त्यात मान असतो. तुम्ही कितीतरी वर्षं इथल्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवलेली, त्यामुळे तो शब्द तुम्ही लगेच स्वतःच्या नावे करून घेतलात. पुढे फोनवर तुम्ही ‘मी बाय बोलतेय’ अशी सुरुवात करायचात, आणि आमचे हे, दिलीप, दरवेळी फोन माझ्याकडे देत म्हणायचे, ‘घे, तुझ्या बायबाई.’

त्या दिवशी तुमचं मनगट स्क्रीनवर आलं तेव्हा तुम्ही विचारलंत, मला पुन्हा ब्रश धरता येईल का. मी म्हटलं, डॉक्टर सांगतील. आमच्या कामाचा तो पहिला नियम. टेक्निशियनला सगळ्यांच्या आधी दिसतं, आणि त्याने सगळ्यांच्या आधी गप्प बसायचं. तुम्ही माझ्याकडे नीट बघून म्हणालात की डॉक्टरला विचारायची गरज नाही, तुझ्या भुवया बऱ्यापैकी बोलतात. आणि खरंच, हाड सरळ रेषेत मोडलं होतं, बरं होणार होतं. माझ्या भुवयांनी ते कसं सांगितलं कोण जाणे.

दीड महिन्याने प्लास्टर निघालं. तपासणीच्या फोटोला आलात तेव्हा तुम्ही हातात काहीच धरू शकत नव्हतात, आणि त्याचं तुम्हाला हसू येत होतं. फिजिओथेरपीवाल्याने तुम्हाला बोटांचं बारीक काम करायला सांगितलं होतं. ब्रश फार हलका पडतो, म्हणालात, त्याने बोटं जागी होत नाहीत. मग विचारलंत, की इथे हॉस्पिटलमध्ये जुन्या एक्स-रे फिल्म असतात का. तांब्यावर सुईने रेघ ओढायला ताकद लागते, फिल्म मऊ असते, त्यावर चालेल.

मी नाही म्हटलं. कुणाची तरी छाती, कुणाचा तरी गुडघा, त्यावर कुणाचं तरी नाव. ते देता येत नाही. तुम्ही वाद घातला नाहीत, उलट म्हणालात की तू हो म्हणाली असतीस तर मीच घेतल्या नसत्या. हे बोलणं आमच्या इजिप्शियन इन्चार्जनी ऐकलं. डिपार्टमेंट कॉम्प्युटरवर गेल्यापासून स्टोअरमध्ये कोऱ्या फिल्मचे दोन खोके पडून होते, मुदत संपलेले. न वापरलेल्या फिल्मवर कुणाचंच नाव नसतं. त्यांनी रीतसर अर्ज लिहून घेतला, खाली सही केली, आणि म्हणाले, ‘घेऊन जा, नाहीतरी फेकायच्याच आहेत.’

त्या शुक्रवारी दिलीपने आणि मी ते खोके तुमच्या घरी आणले. सलवातल्या एका व्हिलामागे तुमच्या दोन खोल्या, बाहेर बोगनवेल, आत टर्पेंटाइनचा वास. तुम्ही बाथटबमध्ये ब्लीच ओतून ठेवलं होतं. त्यात फिल्म बुडवली की वरचा थर सुटून जायचा आणि हातात उरायचं फिकट निळं, पारदर्शक, स्वच्छ काहीतरी. पंधरा वर्षं मी त्या फिल्म हाताळल्या होत्या, पण रिकामी फिल्म एवढी छान दिसते हे मला पहिल्यांदा तुमच्या न्हाणीघरात कळलं. तुम्ही एक तुकडा घेतलात, सुई कापडात गुंडाळून जाड केलीत म्हणजे बोटांना धरता यावी, आणि त्यावर ते मांजर काढलंत. मग शाई चोळली, मलमलीच्या फडक्याने पुसली. पुसली तरी ओरखड्यांत शाई राहिली. ओला कागद वर ठेवला. आता दाबायचं कशाने, तर तुम्ही स्वयंपाकघरातून एक यंत्र आणलंत, दांडा फिरवायचं.

‘बाई, हे तर शेवयांचं मशीन,’ मी म्हटलं.

तुम्ही म्हणालात की इटलीत यातून पास्ता काढतात. मी म्हटलं परभणीत यातून उन्हाळ्यात शेवया काढतात आणि खाटेवर वाळत घालतात. आपण दोघींनी मिळून त्यातून मांजर काढलं. चिठ्ठीएवढं चित्र, उलटं उमटलेलं, थोडं वाकडं. तुम्ही ते उजेडाकडे धरून बघतच राहिलात. मला वाटलं बिघडलं. दिलीपने मला कोपराने खुणावलं. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं.

ते का, हे मला पुढच्या दोन-तीन शुक्रवारांत तुकड्यातुकड्याने कळलं. तुमचे आजोबा मधमाशा पाळायचे. तुमच्याकडे मधाच्या पेट्यांच्या दर्शनी फळ्या रंगवायची रीत आहे, प्रत्येक फळीवर वेगळं चित्र, म्हणजे माशांना आपलं घर ओळखू येतं. तुम्ही नऊ वर्षांच्या असताना न विचारता एका फळीवर नवं चित्र काढलंत आणि दोन दिवस माशा भलत्याच पेटीत जात राहिल्या. आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, ‘म्हणजे त्या नीट बघतात.’ तुम्ही म्हणायचात की एवढे चोखंदळ प्रेक्षक पुन्हा कधी मिळाले नाहीत. मग ल्युब्लियानाची कला अकादमी, तांब्याच्या पत्र्यावरची मुद्राचित्रं, तरुण वयात मिळालेलं नाव, देशोदेशीची प्रदर्शनं. मग पाण्याच्या प्रकल्पावरचा एक इंजिनियर, त्याच्याशी लग्न, आणि फक्त दोन वर्षांसाठी कुवेत. आम्ही सगळे इथे दोन वर्षांसाठीच येतो.

तांब्याच्या प्लेटांची पेटी तुम्ही बरोबर आणली होतीत. इराकचा हल्ला झाला तेव्हा तुम्ही दोघं सुट्टीवर गावी होतात. परत आलात तेव्हा घराला दारं नव्हती. प्लेटा गेल्या होत्या, भंगारात गेल्या असणार. मी विचारलं, फार वाईट वाटलं असेल. तुम्ही म्हणालात की त्या वर्षी इथे ज्यांचे मुलगे परत आले नाहीत अशा बायका होत्या, त्यांच्यासमोर तांब्याबद्दल रडायची लाज वाटली. म्हणून रडला नाहीत, आणि सुईही पुन्हा हातात घेतली नाहीत. मुलांना शिकवलंत, समुद्र रंगवलात, पाण्याच्या टाक्या रंगवल्यात, नवऱ्याला शेवटचा निरोप दिलात. एवढी वर्षं गेली. आणि मग ते मांजर.

शेवयांच्या मशीनवर भागेना. दिलीप जहराला एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर, तिथे कुडाळकडचे परब म्हणून फॅब्रिकेटर होते, बायकामुलं गावी, स्वतः सहा जणांबरोबर एका खोलीत. दिलीपने त्यांना तुम्ही काढलेलं छापायच्या प्रेसचं चित्र दाखवलं. परबांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. ‘ह्यां कित्याक व्हयां?’ त्यांनी विचारलं. दिलीपने सांगितलं, चित्र दाबायला. परब म्हणाले, ‘मगे सरळ सांगा ना, उसाचो घाणो.’

तीन आठवडे त्यांनी सुट्टीच्या वेळात तो घाणा जोडला. एक जाड पाइप, एक भरीव रूळ, जुन्या व्हॉल्व्हचं चाक. पिकअपमधून सलवाला आणला, तेव्हा व्हिलाचा बंगाली हारिस म्हणजे राखणदार, दिलीप, परब आणि मी अशा चौघांनी मिळून तो आत घेतला, आणि तुम्ही पुढे चालत चार भाषांमध्ये सावकाश, सावकाश म्हणत होतात. पहिला मोठा ठसा निघाला तो तुम्ही परबांना दिलात. ते म्हणाले की माझ्या भिंतीवर खिळा मारायला परवानगी नाही. मग त्यांनी तो पलंगाच्या वरच्या पत्र्याला लोहचुंबकाने लावला. बंक बेडचा वरचा मजला म्हणजे खालच्याचं आभाळ, तेव्हा परब रोज निजताना तुमचं चित्र बघायचे. दर शुक्रवारी ते प्रेसला तेल द्यायला यायचे. तेल लागायचं नाही इतकं, पण यायचे.

आणि मी चाक फिरवायला यायचे. तुमच्या मनगटाला ते झेपत नव्हतं. इथल्या हवेत ओला कागद पाच मिनिटांत सुकतो, म्हणून तुम्ही कागद भिजवून प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचात, कोथिंबिरीच्या शेजारी. तुमच्या काही चित्रांना अजून कोथिंबिरीचा वास येतो असं माझं म्हणणं आहे. तुम्ही ते कधी मान्य केलं नाहीत. चाक किती वेगाने फिरवायचं यावरून आपली दर वेळी बोलाचाली व्हायची. मध्ये थांबलं की चित्रावर पट्टा उमटतो, म्हणून तुम्ही म्हणायचात, श्वास घे आणि तो संपायच्या आत पलीकडे जा. मी दिवसभर दुसऱ्यांना श्वास धरायला सांगणारी बाई, शुक्रवारी तुम्ही मला सांगायचात.

आता त्या चित्राबद्दल.

तुमच्या प्रदर्शनाला दस्मान राजवाड्याजवळच्या एका जुन्या घरात जागा मिळाली होती. वीस चित्रं. मी इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना आग्रहाने बोलावलं होतं, मोरपंखी पैठणी नेसले होते. दाराशीच मांजर होतं, पुढे समुद्रावरचे मासेवाले, वेल्डिंगचा चष्मा लावलेले परब. आणि कोपऱ्यातल्या भिंतीवर मी. बसस्टॉपच्या बाकावर झोपलेली. मान एका बाजूला पडलेली, तोंड अर्धवट उघडं, मांडीवर डब्याची पिशवी, पायातल्या बुटांपैकी एक निम्मा काढलेला. डोळ्यांखाली तुम्ही सुईने इतक्या रेघा मारल्या होत्या की तिथे शाई मखमलीसारखी साचली होती. मंडळातल्या एका वहिनी जवळ जाऊन बघून म्हणाल्या, ‘अगं, ही तूच ना? तेव्हा आजारी होतीस का?’

मी सरबत तसंच ठेवून निघाले. नंतर फोनवर तुम्ही सांगितलंत की फिजिओथेरपीहून निघताना तुम्हाला मी बाकावर दिसले, तुम्ही शेजारी बसून वीस मिनिटं चित्र काढलंत. म्हणजे माझ्या दोन बस गेल्या आणि तुम्ही उठवलं नाहीत. मला त्याचाही राग आला. मी म्हटलं, मी अशी दिसत नाही. तुम्ही म्हणालात, त्या दिवशी तशीच दिसत होतीस. मी म्हटलं, माझे चांगले फोटो आहेत, त्यावरून काढायचं होतं. तुम्ही म्हणालात की ते फोटो तुझ्या नातेवाइकांकडे आहेतच, मग मी कशाला काढू. मी फोन ठेवला आणि सव्वा महिना सलवाला फिरकले नाही.

दिलीप मध्ये पडले नाहीत. परब मात्र दर आठवड्याला निरोप आणायचे, की घाणा सुना पडलाय.

मग एक दिवस वेटिंग हॉलमध्ये नंबर पुकारायला बाहेर आले, तर पहिल्या रांगेत तुम्ही. हातात टोकन, पण डॉक्टरची चिठ्ठी नाही. मी विचारलं, कशाचा एक्स-रे. तुम्ही उभ्या राहिलात. सगळा हॉल ऐकत होता.

‘चित्राबद्दल मी माफी मागणार नाही,’ तुम्ही म्हणालात. ‘चित्र चांगलं आहे. पण भिंतीवर लावायच्या आधी मी तुला विचारायला हवं होतं. ते चुकलं.’

मागे पंचवीस पेशंट. मी म्हटलं, चिठ्ठी नसेल तर एक्स-रे होत नाही, शुक्रवारी येते. तुम्ही टोकन परत यंत्राजवळ ठेवून गेलात. वाद काही मिटला नव्हता. नाही म्हणायला आपण त्याला एक जागा करून दिली. पुढे कामात कधी कंटाळा आला की तुम्ही हळूच म्हणायचात, ‘ते बसस्टॉपचं चित्र मात्र’, आणि मी म्हणायचे, ‘मी अशी दिसत नाही’, आणि पुढचा अर्धा तास मजेत जायचा.

गेल्या हिवाळ्यात तुम्हाला खोकला लागला. धुळीचा असेल, म्हणालात. धुळीने सगळेच खोकतात. या वेळी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आलात. मी तुम्हाला उभं केलं, हनुवटी वर, खांदे पुढे, आणि श्वास घ्या, धरून ठेवा, असं म्हटलं. तुम्ही म्हणालात, आज चाक तुझ्या हातात. मी काचेमागे गेले. चित्र स्क्रीनवर आलं आणि मी ते बघितलं.

बाई, मी त्या दिवशी भुवया हलू दिल्या नाहीत. मास्क वर ओढला, चष्मा पुसला, तुमचं जॅकेट तुमच्या हातात दिलं. तुम्ही विचारलंत, ‘चित्र कसं आलंय?’ मी म्हटलं, ‘स्वच्छ. तुम्ही जराही हलला नाहीत.’ तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी कपाळावरची आठीसुद्धा दाबून ठेवली होती, आणि तुम्ही माझ्या दंडावर थोपटलंत. पेशंटने टेक्निशियनला धीर द्यायचा, असं मी तरी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. तुम्हाला कळलं होतं हे मला कळलं, आणि आपण दोघींनी त्याबद्दल पुढे कधी अवाक्षर काढलं नाही. मला वाटत राहिलं की एकदा बोलायला हवं होतं. नियम हॉस्पिटलपुरता होता, तुमच्या घरी तो लागू नव्हता.

पण तुम्ही बोलायला वेळ ठेवलाच नाहीत. डॉक्टरांनी सांगितल्यावर तुम्ही दोन गोष्टी ठरवल्यात, जास्त इलाज करायचे नाहीत आणि बारा चित्रं पूर्ण करायची. मधाच्या पेट्यांच्या फळ्यांएवढी लांबट चित्रं. त्यात तुमचे आजोबा नव्हते की तुमचं गाव नव्हतं. त्यात कोपऱ्यावरचा बकालावाला, म्हणजे किराणा दुकानदार होता, गाड्या धुणारा हारिस होता, सोनसाखळी दुरुस्त करणारा म्हातारा, वॉर्डातली नर्स. तुम्ही म्हणायचात, या लोकांनाही संध्याकाळी आपली पेटी ओळखू यायला पाहिजे. तुम्ही खुर्चीत बसून सुई चालवायचात, मी शाई चोळायचे, परब चाक फिरवायचे. दिलीप डबा आणायचे, आणि तुम्हाला आमची आमटी तिखट लागायची आणि तरी तुम्ही वाटी पुढे करायचात. इतकं हसणं त्या घरात कधी झालं नव्हतं. एकदा परबांनी हारिसचं चित्र उलट्या कागदावर छापलं आणि त्यावर त्यांनी जी सबब सांगितली, ती ऐकून तुम्हाला खोकल्याची उबळ आली, आणि तुम्ही हाताने खूण केलीत की थांबू नका, पुढे सांगा.

बाराव्या चित्राचा शेवटचा ठसा निघाला त्याच्या दहाव्या दिवशी तुम्ही आमच्या हॉस्पिटलमध्ये दाखल झालात. भाची आली. मी ड्युटी संपवून दुपारी वर यायचे. अशाच एका दुपारी तुम्ही मला प्लेटांबद्दल सांगितलंत. ठरलेले ठसे काढून झाले की मुद्राचित्रकार प्लेटवर आडवी रेघ मारून ती खोडतो, म्हणजे पुन्हा कुणी छापू नये. तुमच्या सगळ्या फिल्म मी खोडायच्या.

‘सगळ्या?’ मी विचारलं.

‘बसस्टॉपची तुझी,’ तुम्ही म्हणालात. ‘तिचं तू ठरव. दोन वर्षं तुला तिच्यावर रेघ मारायची आहेच.’

मी म्हटलं, आत्ता मारू का. तुम्ही हसलात. मग झोप लागली तुम्हाला. तुम्ही गेलात ती वेळ सकाळची, मी खालच्या मजल्यावर कुणाला तरी श्वास धरायला सांगत होते. नर्सने फोन केला. मी तो पेशंट पूर्ण केला, मग वर आले. भाचीने तुमची बोटं माझ्या हातात दिली. नखांत शाई होती. धुवायला सांगू का, असं नर्सने विचारलं, आणि आम्ही दोघी एकदम नाही म्हणालो.

तुम्ही आता तुमच्या गावी आहात, नवऱ्याशेजारी. मी तुमचं सगळं काम केलं. परबांसमोर एकेक फिल्म काढून सुईने आडवी रेघ मारली. मी त्यांच्या चित्रावर रेघ मारली तेव्हा परबांनी बघितलं नाही, खिडकीबाहेर बघत बसले. माझी फिल्म मी शेवटी ठेवली. तिचा एक ठसा काढून बघू आणि मग खोडू, असं ठरवलं. परबांनी चाक फिरवलं. चित्र पहिल्यापेक्षा फिकट आलं होतं, फिल्मवरच्या रेघा झिजतात. तरी डोळ्यांखालचं काळं तसंच होतं. मला खोडायचं की नाही ते ठरेना, म्हणून फिल्म फडक्यात गुंडाळून घरी आणली आणि ठसा सुकायला कपाटावर ठेवला.

गेल्या आठवड्यात दिलीप पुतणीच्या लग्नाला गावी गेले. जाताना त्यांनी तो ठसा मला न विचारता गुंडाळून बॅगेत टाकला आणि परभणीला माझ्या आईला नेऊन दिला. मला कळलं तेव्हा मी फोनवर त्यांना इतकी बोलले की ते म्हणाले, नंतर बोलू. माझी आई पंच्याहत्तरीची, भावाकडे राहते. इतकी वर्षं मी तिला दर रविवारी सांगते की इथे सगळं एसी आहे, बसून काम आहे, काही त्रास नाही. व्हिडिओ कॉलच्या आधी मी केस विंचरते.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. मी म्हटलं, आई, ते चित्र जुनं आहे, त्या दिवशी जरा दमले होते.

‘मला वाटायचं, तिथं तुझ्याकडं बघायला कुणी नाही,’ आई म्हणाली. ‘या बाईनं बघितलं की गं नीट. माझ्यासारखं बघितलं.’

आईच पुढे बोलत राहिली. चित्र तिने भावाला सांगून स्वयंपाकघरात लावून घेतलंय, ओट्यासमोर, म्हणजे भाकरी थापताना समोर दिसतं. शेजारपाजारच्या बायकांना ती सांगते, ही माझी लेक, नोकरीवरून आल्यावर. कुणी म्हणालं की चांगला फोटो नव्हता का, तर ती म्हणते, चांगले फोटो अल्बमात आहेत.

फिल्म मी खोडलेली नाही, बाई. आता खोडणारही नाही. तुमचं बरोबर होतं असं मी अजून म्हणत नाही, पण दिलीपना फोन करून बरं केलंत एवढं म्हटलं.

काल रविवार होता. नेहमीचं बोलणं झालं, पाणी आलं का, गुडघा कसा आहे, भावाच्या मुलाची परीक्षा. फोन ठेवायच्या आधी आई जरा घुटमळली.

‘का गं,’ तिने विचारलं, ‘त्या बाई असत्या, तर त्यांनी माझंही काढलं असतं का?’

‘काढलं असतं,’ मी म्हटलं. ‘पण तुला आवडलं नसतं.’

आई हसायला लागली. मग मीही.